वळणावरची भिंत

मुलांनो, दोन्ही हातांची बोटं कानांत घाला बरं. घट्ट. आता अशी कल्पना करा की तुम्ही एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभे आहात. समोर मोठा रस्ता आहे आणि तुम्हाला पलीकडे जायचंय. वळणावरून एखादी गाडी भरधाव येतेय की नाही, हे कसं कळणार? कान तर बंद. मग तुम्ही मान वळवून बघाल. कोपऱ्यावर नुसतं गजांचं कुंपण आहे, त्यातून लांबचा रस्ता दिसतो. गाडी दिसली की थांबायचं, गेली की निघायचं. यात अवघड काही नाही.

आता त्या कुंपणाच्या जागी एक भिंत उभी करा. तुमच्या बाबांच्याही डोक्यावरून जाईल एवढी उंच. आणि ओलांडा पाहू रस्ता.

थांबलात ना? आता कानांतली बोटं काढा, नाहीतर पान कोण उलटणार? पण मनाने अजून थोडा वेळ त्या गल्लीच्या तोंडाशीच उभे राहा. भिंगरीची आत्या रोज सकाळी तिथंच उभी असते.

भिंगरीचं शाळेच्या हजेरीतलं नाव वेगळं होतं. पण दोन मिनिटं एका जागी न टिकणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? आत्याने तर तिच्यासाठी खूणही तशीच ठरवली होती: एक बोट वर धरून गरगर फिरवायचं. आत्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, डोळ्यांनी ऐकायची आणि भांडायची वेळ आली की अख्ख्या चेहऱ्याने भांडायची. मोठ्या रस्त्यापलीकडे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की भिंगरीचा मुक्काम तिथं, शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर. तोंडाने बोलायला लागायच्या आधीच ही पोरगी हातांनी बोलायला शिकली, असं घरात सगळे कौतुकाने सांगत. त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक आलं की आत्याच्या वतीने बोलायचं काम भिंगरीकडे.

या कामात भिंगरीची एक खोड होती.

एकदा शाळेतले व्यायामाचे सर कोट घेऊन आले. म्हणाले, "धुतल्यावर आकसलाय हो. बटणं लागत नाहीत. जरा सैल करून द्या."

आत्याने कोट उलटसुलट करून पाहिला, मग सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचे हात झरझर हलले, "कोट होता तेवढाच आहे. आतला माणूस वाढलाय."

भिंगरी गोड हसली. "आत्या म्हणते, हे कापड आकसतंच. करून देईन म्हणते."

सर खूश होऊन गेले. आत्याने भुवई उडवली. "एवढं काय झालं हसायला?"

"तू छान शिवतेस म्हणाले," भिंगरीने खुणेने सांगितलं आणि दोऱ्याचं रीळ शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली शिरली.

म्हणजे बघा, दोन्हीकडे लोणी. आत्याचे शब्द अंमळ खरखरीत असायचे, आणि टोचणाऱ्या कापडाला आतून अस्तर लावावं तसं भिंगरी त्यांना अस्तर लावायची. गिऱ्हाईक खूश, आत्या खूश, कुणाचं काही बिघडत नव्हतं. निदान भिंगरीला तरी तसंच वाटायचं.

मग तो मोठा रस्ता आणखी मोठा करायचं ठरलं. शहराबाहेरून येणारे ट्रक यापुढे याच रस्त्याने जाणार, हे कळल्यावर गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. आताच खिडक्यांच्या काचा थरथरतात, उद्या काय होईल? लोकांनी कचेरीत खेटे घातले. शेवटी रस्तेविभागाने तोडगा काढला: गल्लीच्या बाजूने आवाज गिळणारी भिंत बांधू. जाड पत्र्याची, आत कापसासारखा भरणा, पार वळणाच्या टोकापर्यंत.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांत जास्त नर्सबाईंचा. त्या भिंगरीच्या शेजारी राहायच्या. कायम रात्रपाळी, त्यामुळे झोप दिवसा. ती तरी कसली? कानांत बोळे घालून, उशी डोक्यावर घेऊन, एका ट्रकपासून दुसऱ्या ट्रकपर्यंत. त्यांची मुलगी भिंगरीच्याच बाकावर बसायची. घरात ती चवड्यांवर चालायची, कडी लावतानाही श्वास धरायची. "भिंत झाली की मी घरात धपाधपा उड्या मारणारे," असं तिने भिंगरीला किती वेळा सांगितलं असेल! भिंगरीही म्हणायची, "मीपण येईन मारायला."

भिंत किती उंच होईल हे लोकांना दिसावं म्हणून कचेरीच्या माणसांनी एके दिवशी रस्त्याच्या कडेने बांबू रोवले आणि त्यांना हिरवं कापड ताणून बांधलं. लोक येता-जाता कौतुकाने मान वर करून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि भिंगरी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी आल्या. आत्याने सवयीने मान वळवली. समोर हिरवं कापड. ती एक पाऊल पुढे झाली, पुन्हा डोकावली, तरी कापडच. मग तिने कापडाच्या टोकाबाहेर डोकं काढलं, आणि त्याच क्षणी भिंगरीला भोंगा ऐकू आला. तिने जीव खाऊन आत्याचा हात मागे ओढला. माल वाहणारी एक गाडी वाऱ्यासारखी निघून गेली. तिचा बाहेर आलेला आरसा आत्याच्या कपाळाला लागायचा राहिला.

मग आत्याने हात हलवले, अगदी सावकाश.

"आज तू होतीस."

एवढंच म्हणाली. पण दुकानात गेल्यावर सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला.

रस्तेविभागाची लोकांबरोबरची शेवटची सभा रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात होती. आधीच्या सभेला आत्या एकटी जाऊन आली होती. तेव्हा तिने चार ओळी लिहून चिठ्ठी पुढे दिली होती. अध्यक्षबाईंनी हसून मान डोलावली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. वारा होता म्हणून तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला. सभा संपली तरी चिठ्ठी पेल्याखालीच. या खेपेला कचेरीने खुणांची भाषा जाणणारा एक माणूस पाठवायचं कबूल केलं होतं. रविवारी सकाळी निरोप आला, त्याला ताप भरलाय.

आत्याने बोट वर धरून गरगर फिरवलं. "तू चल. तू माझं बोलणं सांग."

सभागृह गच्च भरलं होतं. पुढे भिंतीवर नव्या रस्त्याचं भलंमोठं चित्र लावलं होतं. चित्रात आकाश निळंशार, झाडं एकजात सारखी, आणि पायी चालणारी माणसं सगळी हसरी. नियम असा, की ज्याला बोलायचंय त्याने एकदाच बोलायचं, घंटा होईपर्यंत. बोलून झालं की अध्यक्षबाईंचा मदतनीस चित्रावर एक टाचणी टोचणार: जसंच्या तसं बांधा म्हणणाऱ्याची हिरवी, बांधा पण इथं बदल करा म्हणणाऱ्याची पिवळी, बांधूच नका म्हणणाऱ्याची लाल. हे चित्र टाचण्यांसकट वर समितीकडे जाणार होतं आणि त्यावरूनच भिंतीचा आराखडा पक्का होणार होता.

"म्हणजे आज टोचलं ते टोचलं," पेपरवाले काका शेजारच्याला म्हणाले. "नंतर ओरडून उपयोग नाही."

"तुम्ही नंतरही ओरडालच की," शेजारचा म्हणाला.

"तो आमचा धंदाच आहे. सकाळी सहाला येऊन ऐक."

लोक एकेक करून उठत होते. हिरव्या टाचण्या पडत होत्या. आत्या चित्राकडे आणि बोलणाऱ्यांच्या ओठांकडे आलटून पालटून पाहत होती, आणि भिंगरी तिच्या शेजारी बसून सगळ्यांचं बोलणं तिला हातांनी सांगत होती. मग नर्सबाई उठल्या. रात्रपाळी दुपारपर्यंत लांबली होती, तिथूनच थेट आल्या होत्या, पायांत अजून इस्पितळातले पांढरे बूट. पहिल्यांदा माईक किंचाळला, मग त्या बोलल्या.

"मी फार काही बोलणार नाही. परवा मी ड्यूटीवर उभ्या-उभ्या झोपले. माझ्या हातात एका पेशंटचं औषध होतं. काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं. मला झोप हवी आहे हो."

नर्सबाईंची मुलगी आईचा पदर धरल्यासारखी तिच्या पिशवीचा बंद धरून बसली होती. चित्रावर हिरवी टाचणी बसली.

कुणीतरी विचारलं, "साहेब, सगळी भिंत सलग का? मध्ये जागा सोडली तर काय बिघडतं?"

रस्त्याचे इंजिनियर उठले. माणूस भला होता, प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मच्छरदाणीला एकच भोक पडलं तर आपण म्हणतो का, बाकी तर शाबूत आहे? डास बरोबर तिथूनच शिरतो. आवाजाचंही तसंच. एक फट ठेवली की सगळ्या भिंतीची मेहनत कमी होते. आरपार दिसणारे तक्ते असतात, नाही असं नाही. पण ते धुळीने भरतात, सारखे पुसावे लागतात. विभाग त्याला सहसा तयार होत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. भिंगरीने हे सगळं आत्याला सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि हात वर केला.

दोघी पुढे गेल्या. आत्या लोकांसमोर, भिंगरी तिच्या बाजूला, माईकच्या जवळ. आत्याने रोज शेकडो टाके घालणाऱ्या बाईच्या सफाईने हात हलवायला सुरुवात केली.

"भिंत बांधा. तुम्हाला आवाज नको आहे, मला कळतं. पण मला आवाज कधीच नव्हता. मला फक्त दिसतं. वळणावर तुम्ही माझं दिसणंही बंद करताय. परवा या मुलीने ओढलं नसतं, तर आज मी इथं नसते. वळणाच्या कोपऱ्यावर भिंत आरपार दिसणारी करा. धूळ बसेल म्हणता? मी पुशीन. रोज पुशीन. या साहेबांनी चित्रात इतकी माणसं काढलीत, त्यातलं एकही रस्त्याकडे बघत नाहीये. सगळी मरणार आहेत, हसत हसत."

भिंगरीने सगळं पाहिलं. एकेक खूण तिला लख्ख कळली. आणि तिने तोंड उघडायच्या आधी समोर नजर टाकली.

समोर नर्सबाई. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मान एका बाजूला कललेली. शेजारी त्यांची मुलगी, भिंगरीला बघून हळूच हात हलवणारी. मागे गल्लीतले सगळे, ज्यांच्या घरी ती लहानपणापासून शिरत आली होती. आणि ते भले साहेब, चष्मा कपाळावर. त्यांना तोंडावर सांगायचं, की तुमच्या चित्रातली माणसं मरणार आहेत? आणि मग, सवयीने म्हणा, तिने अस्तर लावलं.

"आत्या म्हणते," तिचा आवाज माईकमधून तिलाच परका वाटला, "भिंत बांधा. तुम्हाला आवाज नको आहे हे तिला कळतं. आणि... चित्र छान आहे. वळणावर मात्र सगळ्यांनी नीट बघून चालावं. आणि धूळ पुसायला ती मदत करील."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "ऐकू येत नसून आपल्यासाठी भिंत मागतेय, याला म्हणतात शेजारधर्म!" पेपरवाले काका मोठ्याने म्हणाले. नर्सबाईंनी डोळे पुसले. मदतनिसाने डबीतून टाचणी उचलली आणि वळणाच्या अगदी जवळ टोचली.

हिरवी.

आत्या लोकांच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघून हसत होती. चार माणसांना आपलं म्हणणं पटलं, असंच तिला वाटलं असणार. जागेवर जाता जाता तिने चित्राकडे पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण डोळे टाचणीवर थांबले. तिने भिंगरीकडे वळून खुणेने सांगितलं, "त्यांनी चूक केली. पिवळी लावायला सांग."

भिंगरीने आपल्या चपलांकडे पाहिलं.

बस्स, आत्याला तेवढं पुरलं. आयुष्यभर चेहरे वाचत आलेली बाई ती, तिला काय सांगायला हवं होतं? ती रागावली नाही. भुवया चढल्या नाहीत, ओठ मुडपले नाहीत. ती खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक. तुम्ही-आम्ही गप्प बसलो तर निदान हात तरी चाळवत राहतात. आत्याचे हात थांबले की आत्या पुरती गप्प. भिंगरीने तिला झोपेतसुद्धा बोटं हलवताना पाहिलं होतं. असे निपचित हात तिने आजवर पाहिले नव्हते.

पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. तो दिव्याच्या खांबांबद्दल काहीतरी बोलत होता. भिंगरीने ते आत्याला सांगायला हात उचलले, पण आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती समोर बघत होती, कुठेच न बघितल्यासारखी.

भिंगरी बसल्या जागी विचार करू लागली, आणि बसल्या जागी विचार करणं तिला कधी जमत नसे. घरी गेल्यावर आत्याची माफी मागता येईल, हे तिला सुचलं. आत्या माफ करीलही. गालगुच्चा घेईल. मग सोमवारी सकाळी दोघी गल्लीच्या तोंडाशी जातील. मंगळवारीही जातील. पण भिंगरीला कधी ताप येईल, कधी सहल असेल, कधीतरी ती मोठी होऊन दुसऱ्या गावी शिकायला जाईल. आणि आत्या एकटीच त्या भिंतीच्या टोकाबाहेर डोकं काढील.

दिव्यांवाला बसला. "आणखी कुणी?" अध्यक्षबाईंनी सभागृहावर नजर फिरवली. "नसेल तर आपण संपवू या." मदतनीस टाचण्यांच्या डबीला झाकण लावू लागला.

भिंगरी आत्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे आत्याला बघणं भागच पडलं. घाईत तिच्या खुणा वेड्यावाकड्या झाल्या. "मी तुझं बोलणं बदललं. मला भीती वाटली. पुन्हा बोल. जसंच्या तसं सांगते."

आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग भिंगरी वळली आणि माईक नसतानाच ओरडली, "बाई, थांबा!"

खुर्च्या सरकवणारे लोक थबकले. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बाळ, तुमचं बोलून झालंय ना? एकाला एकदाच बोलता येतं. नियम सगळ्यांना सारखा."

"माझं बोलून झालंय," भिंगरी म्हणाली. "मघाशी मी माझंच बोलले. आत्याचा नंबर अजून राहिलाय."

"म्हणजे?"

"आत्या वेगळंच म्हणाली होती. मी वेगळं सांगितलं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, मग टाळ्या कशाला घेतल्यास?" कुणीतरी त्याला गप्प केलं. नर्सबाईंची मुलगी भिंगरीकडे टक लावून बघत होती, आणि आता ती हात हलवत नव्हती. भिंगरीला पळून जावंसं वाटलं, पण ती तिथंच उभी राहिली. अध्यक्षबाईंनी आधी इंजिनियर साहेबांकडे पाहिलं, मग घंटेकडे. घंटा त्यांनी उचलून टेबलाच्या कडेला ठेवली.

"या," त्या आत्याकडे बघून म्हणाल्या. हे मात्र कुणाला खुणेने सांगावं लागलं नाही.

आत्या उठली, सावकाश पुढे गेली, आणि लोकांसमोर उभी राहिली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. भिंगरीला वाटलं, ती मघाचंच पुन्हा सांगेल. पण आत्याने आधी नर्सबाईंकडे बोट केलं आणि हात हलवायला सुरुवात केली. पहिल्या खुणा भिंगरीला लगेच कळल्या. हे सांगायचं? नर्सबाईंना? सगळ्यांदेखत?

समोरच्या कुणाहीकडे न बघता, नजर फक्त आत्याच्या हातांवर खिळवून, ती बोलू लागली.

"नर्सबाई, तुम्हाला झोप मिळाली पाहिजे. मी तुमच्या विरुद्ध नाही. पण त्या वळणावर मी मेले, तर मला तुमच्याच इस्पितळात आणतील, आणि तेव्हा तुम्हाला झोपेतून उठवतीलच."

कुणीतरी फस्सकन हसलं. कुणीतरी "शू" केलं. एक खुर्ची करकरली, ती नर्सबाईंची होती की आणखी कुणाची, हे भिंगरीने वळून पाहिलं नाही. आत्याचे हात पुढच्या वाक्याकडे निघाले होते. तेही टोचणारंच होतं. भिंगरीने तेही जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याच्या पुढचंही, अगदी 'कोपऱ्यावर भिंत आरपार दिसणारी करा' इथपर्यंत.